परसोंची तारीख

माझ्या नावानं इंग्रजीत टाइप केलेलं आयुष्यातलं पहिलं पत्र आलं आणि ते माझ्या हाती पडण्याआधी दोन दिवस थोरल्या भावाच्या खिशात राहिलं. दादा परभणीत वायरिंगची कामं करायचा. दहावीला दोनदा बसला होता, दोनदा उठला होता. पोस्टमननं रस्त्यातच पत्र त्याच्याकडं दिलं आणि दादानं ते आधी एसटीडी बूथवाल्याला दाखवलं, मग सलूनमध्ये, मग ज्यांच्या घरी पंखा बसवायला गेला होता त्यांना. 'आमच्या बहिणीला हैदराबादच्या कंपनीचं बोलावणं आलंय.' शुक्रवारी आलेलं पत्र सगळ्या गल्लीला कळून झाल्यावर रविवारी संध्याकाळी मला कळलं. घडीवर घामाचा डाग पडला होता आणि आत लिहिलं होतं की पत्र मिळताच, शक्य तितक्या लवकर, मूळ प्रमाणपत्रं आणि सही-शिक्क्याच्या नकला घेऊन समक्ष यावं.

शक्य तितक्या लवकर. मी घर डोक्यावर घेतलं.

माझं तोंड मुळातच तिखट, पण त्या दिवशी कारणही होतं. बी.कॉम. होऊन दोन वर्षं झाली होती. टायपिंग झालं होतं, पुण्यात मावशीकडं राहून सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स झाला होता आणि तरी मी घरी बसून होते. आईनं ठरवलं होतं की आता उन्हाळ्यात लग्न उरकायचं. मुलगा वाईट नव्हता, पण बायकोनं नोकरी केलेली त्यांच्या घरी चालणार नव्हती. आई म्हणाली होती, ही एक नोकरी बघ, नाही मिळाली तर मग मला काही सांगू नको. म्हणजे हे पत्र गेलं की सगळंच गेलं, आणि ते याच्या खिशात घाम पीत बसलं होतं.

"मला वाटलं, दोन दिवसांनी काय होतंय," दादा म्हणाला.

"तू माझ्या वाटेत आडवा पडलास," मी म्हणाले. तो सोबत येणार होता, त्याला नको म्हणून सांगितलं. स्टेशनवर सोडायलासुद्धा येऊ नको म्हणाले. सोमवार नकलांवर सही-शिक्के घेण्यात गेला, मंगळवारी मी गाडीत बसले. तो रेल्वेच्या फाटकाशी सायकल धरून उभा होता. मला तो दिसला नाही असं मी दाखवलं.

आईनं बजावून सांगितलं होतं: काम झालं की थेट स्टेशन गाठायचं, बायकांच्या वेटिंग रूममध्ये बसायचं, संध्याकाळच्या गाडीपर्यंत हलायचं नाही. शहर परकं, आपलं तिथं कोणी नाही.

बुधवारी सकाळी काचीगुड्याला उतरले, वेटिंग रूममध्ये तोंड धुऊन साडी बदलली आणि नामपल्लीच्या बसमध्ये सवयीनं मागच्या दारानं चढले. सगळी बस माझ्याकडं बघायला लागली. कंडक्टर म्हणाला, "अम्मा, लेडीज आगे से." मी पुरुषांच्या गर्दीतून वाट काढत पुढं गेले. पुढं बायका ऐसपैस बसल्या होत्या आणि एकीनं सरकून जागा दिली. ही पद्धत मला आवडली. ज्या गावात बायकांना पुढचं दार आहे, तिथं नोकरी मिळायला हरकत नाही, असं मनाशी म्हणून घेतलं.

ऑफिस नामपल्ली स्टेशनच्या मागं, एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. खाली जिन्यापर्यंत रंगीत टीव्हीची खोकी रचलेली. त्या वर्षांत गावोगाव टीव्हीची आणि फ्रिजची दुकानं निघत होती आणि ही कंपनी मराठवाड्यातल्या दुकानदारांना माल पुरवायची. त्यांची पत्रं वाचायला, उत्तरं लिहायला मराठी येणारी मुलगी हवी, अशी जाहिरात होती. हेडक्लार्क वयस्कर होते, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी माझं पत्र उलटंसुलटं करून बघितलं, परत दिलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "पोस्ट तो परसोंच भर गई, अम्मा."

परसों म्हणजे परवा. परवा म्हणजे सोमवार. मी तिथंच उभ्या उभ्या हिशेब मांडला. पत्र शुक्रवारी मिळालं असतं तर शनिवारी सही-शिक्के झाले असते, रविवारी गाडी, सोमवारी सकाळी दहाला मी याच टेबलासमोर. आता मी म्हणजे वरातीमागून आलेलं घोडं. काहीतरी बोलायला हवं होतं, पण तोंडातून फक्त "अच्छा" निघालं. त्या 'अच्छा'ची मला अजून लाज वाटते.

खाली आले तेव्हा साडेदहा झाले होते आणि गाडी संध्याकाळी सातची. जिन्याशी उभं राहून मी दादाला मनातल्या मनात जेवढं बोलता येईल तेवढं बोलून घेतलं. मग पाय काचीगुड्याच्या बसकडं वळले आणि मध्येच थांबले. वेटिंग रूममध्ये आठ तास बसून डोळे पुसायला मी आले नव्हते. घरी गेल्यावर पदर घेऊन बसायचंच आहे ना, मग आज नाही बसणार. नोकरी नाही मिळाली, शहर तरी बघून घेते. हट्टानं उलट्या दिशेला चालायला लागले. कुठं जायचं ते माहीत नव्हतं, पण ते मला कोणी विचारतही नव्हतं.

विचारत विचारत मोजमजाही मार्केटवरून जामबागेकडं गेले. रस्ता ओलांडताना एक म्हातारा ओरडला, "हल्लू जाव अम्मा, गाड्यां आरे." मी थबकले. हल्लू म्हणजे आपलं हळूच की. पुढं एक बाई भाजीवाल्याला "नक्को, नक्को" म्हणत होती, आणि ज्याच्या त्याच्या बोलण्यात 'च' होता, इदरीच, अबीच, मैंच. पुण्याच्या कोर्समध्ये मी 'का'ऐवजी 'कामून' म्हटलं की मागच्या बाकावरच्या मुली खुसुखुसु हसायच्या. 'हो'ऐवजी 'हाव' म्हटलं की एक जण रोज मला माझंच 'हाव' परत ऐकवायची. इथं चारशे वर्षांच्या शहराच्या तोंडात आमचे शब्द होते आणि कोणी हसत नव्हतं. मला एकदम बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याचाच राग आला. मी दुःखात असायला हवं होतं.

जामबागेत तेव्हा फुलांचा बाजार भरायचा. तिथं गजरा मुरावर मिळतो, मूर म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. विकणारी आपल्याच हातानं मोजते. मी दोन मिनिटं उभी राहून सगळ्या फूलवाल्या न्याहाळल्या आणि सगळ्यात उंच, लांब हाताची बघून तिच्याकडं गेले. तिच्या ते लक्षात आलं. शेजारणीला तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या, पण माझा मूर मात्र तिनं हात पुरता ताणून मोजला. आईनं सांगितलं होतं, मुलाखतीला फुलं घालायची नाहीत, बरं दिसत नाही. आता कसली मुलाखत? मी भर रस्त्यात गजरा माळला.

तिथून जवळच एका जुन्या शाळेच्या खिडकीतून मराठी पाढे ऐकू आले. परक्या शहरात बे एके बे ऐकून माझे पाय थांबले. फाटकावर पालकांसाठी फळ्यावर सूचना लिहिली होती आणि एक बाई त्यापुढं उभी होती, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी, छान इस्त्रीची साडी. मला म्हणाली, "ताई, एवढं वाचून सांगता का? घरी आम्ही मराठीच बोलतो हो, पण जन्म इथलाच ना, वाचायला गेलं की अडखळतं." मी वाचून दाखवलं, शनिवारी शाळा सकाळची. ती अगदी मनापासून थँक्यू म्हणाली. मला नवल वाटलं. पुण्याच्या मुलींसारखं शुद्ध बोलणारी ही बाई, आणि फळा वाचायला परभणीची मी लागले.

दुपारी भूक लागली तेव्हा कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलात शिरले. सगळी पुरुषमंडळी. पांढऱ्या दाढीचे वेटर पुढं आले आणि पडद्यामागच्या खोलीकडं बोट दाखवून म्हणाले, "फॅमिली उधर, अम्मा."

"मेरी फॅमिली इत्तीच है," मी म्हणाले आणि दाराजवळच्या टेबलाशी बसले. चाचांनी खांद्यावरच्या फडक्यानं टेबल पुसून दिलं.

चहा-बिस्किटं आली. समोरच्या भिंतीवर मोठा आरसा होता, वरपासून खालपर्यंत तडकलेला, तड्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या. त्या आरशात मला माझे दोन तुकडे दिसत होते. बोलायला कोणी नव्हतं म्हणून विचारलं, "चाचा, ये कब फूटा?"

"परसोंच फूटा."

मी पुन्हा बघितलं. पट्ट्या जुन्या होऊन चहाच्या रंगाच्या झाल्या होत्या, त्यावर माश्यांचे ठिपके. "परसों? इतना पुराना कागज?"

शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ बशीत चहा ओतता ओतता हसले. "अम्मा, बाहर से आए क्या? हमारा परसों कॅलेंडर में नै मिलता. मेरी शादी परसोंच हुई, बेटा कॉलेज जारा."

माझा बिस्किटाचा हात तसाच राहिला. मी चाचांना विचारलं, समजा ऑफिसात कोणी म्हणालं, पोस्ट परसों भर गई, तर?

"पिछला हफ्ता, पिछला महीना, पिछली ईद," चाचा म्हणाले. "अल्ला जाने."

"फिर मेरे को चिट्ठी कैकू भेजे?"

यावर ते गृहस्थ म्हणाले, "कागज का पेट भरने कू. दस जनों कू बुलाए बोल के दिखाना पडता ना ऊपर."

खरं तर यात मला नवीन काय होतं? आमची आई अजून म्हणते, परवाच तर तुझं बारसं झालं. आपला परवाही असाच ऐसपैस. पण मी हेडक्लार्कांच्या तोंडचा परसों कोर्टातल्या साक्षीसारखा धरला आणि त्यावर सख्ख्या भावाला शिक्षा सुनावून मोकळी झाले. त्याच्या खिशानं माझं काहीही घालवलं नव्हतं. मी शुक्रवारी निघाले असते तरी हाच जिना उतरले असते. फाटकाशी सायकल धरून उभा असलेला दादा डोळ्यांपुढं आला. राग गेला नाही, त्याचा फक्त पत्ता बदलला. नामपल्ली, दुसरा मजला.

अडीचच्या सुमाराला मी परत जिना चढले. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. हेडक्लार्कांसमोर पत्र ठेवलं आणि म्हणाले, "पोस्ट भर गई, करके इसपे लिख के देव."

"लिख के कैकू, अम्मा?"

"घर में दिखाना है. भाई कू. कब भर गई, वो भी लिखो."

"बोला ना, परसों."

"परसों नक्को. तारीख होना."

त्यांनी पेन उचललं. रजिस्टर उघडलं, बोट फिरवत एका ओळीवर आले, मग माझ्या पत्रावरची तारीख बघितली. पेन खाली ठेवलं आणि चष्मा काढला. मी न विचारता समोरच्या खुर्चीत बसले. खरं सांगायचं तर बसले ते सकाळपासून चालून पाय दुखत होते म्हणून, पण बघणाऱ्याला तो माज वाटला असणार आणि मला ते चालणार होतं.

तेवढ्यात आतून साहेब आले, टाय लावलेले, कमरेला नवा पेजर. हेडक्लार्कांनी तेलुगूत काहीतरी सांगितलं. साहेब मला इंग्रजीत म्हणाले की जागा निघाली की कळवू. मी हिंदीत म्हणाले, "ये सही आपकी है. मैं रातभर गाडी में बैठ के आई. जगह भरने के बाद क्यूं बुलाए, इत्ता लिख के देव, मैं चली जाती." आवाज चढला होता. कोपऱ्यातल्या टेबलावरची मुलगी मान वर करून बघायला लागली. माझ्याच वयाची, हीच ती 'परसों' लागलेली, हे तिच्या टेबलावरच्या इनलँड पत्रांच्या ढिगावरून कळलं. त्यातलं एक तिनं किती वेळ उलटंसुलटं धरलं होतं. मला जामबागेतला फळा आठवला.

"मराठी खत है ना? लाव," मी साहेबांना म्हणाले. "पढ के बताती."

साहेबांना बहुतेक मला घालवायचा हाच सोपा रस्ता वाटला. त्यांनी खूण केली. ती मुलगी स्वतःच पत्रं घेऊन आली आणि हळूच मराठीत म्हणाली, "मला हे हस्ताक्षर लागतच नाही हो." तिच्यावर मला रागावता आलं नाही. मी पहिलं पत्र वाचलं, सेलूच्या दुकानदाराचं. फ्रिजचं दार गिऱ्हाइकाच्या भिंतीला आपटतं, दुसऱ्या बाजूनं उघडणारा मिळेल काय. दुसरं गंगाखेडचं, तिसरं जिंतूरचं. मी वाचत होते आणि हिंदीत सांगत होते. साहेब खुर्ची ओढून बसले.

मग त्यांनी विचारलं, "ये एसएनवीवी कौन है? सबसे ज्यादा खत इसीके आते, मगर पता नहीं मिलता."

मला कळेना. हेडक्लार्कांनी रजिस्टर फिरवून माझ्यापुढं केलं. दुकानदाराच्या नावाच्या रकान्यात ओळीनं लिहिलं होतं: स.न.वि.वि., स.न.वि.वि., स.न.वि.वि. प्रत्येक पत्राच्या सुरुवातीला तेच, म्हणून त्यांनी ते पाठवणाऱ्याचं नाव धरलं होतं. सेलू, गंगाखेड, जिंतूर सगळं याच एका दुकानदाराच्या खात्यावर. सप्रेम नमस्कार विनंती विशेष या इसमाला ही कंपनी महिनाभर मराठवाड्यात शोधत होती.

मी हसले. हसायचं नव्हतं, पण सकाळपासूनचं सगळं त्या हसण्यातून बाहेर पडलं, डोळ्यांतून पाणी आलं. अर्थ सांगितल्यावर ती मुलगीही तोंडावर ओढणी धरून हसायला लागली, म्हणाली, "अगं बाई, हे तर बाबा पण पत्र लिहिताना म्हणतात." साहेब तेवढे हसले नाहीत. त्यांनी मला टायपिंगला बसवलं, इंग्रजी आणि मराठी दोन्ही. गजऱ्याची फुलं मशीनवर पडत होती. साडेपाचला साहेब म्हणाले, दोघींना काम आहे असं वर कळवून बघतो, लेटर येईल.

"कब?" मी विचारलं.

"परसों," हेडक्लार्क बोलून गेले. मी माझं पेन काढून त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मान हलवली आणि माझ्या पत्राच्या मागं तारीख लिहून दिली. आठ दिवसांनंतरची.

परत येताना बसमध्ये पुढच्या दारानं चढले.

परभणीला दादा फाटकाशी होता, तसाच सायकल धरून. चूक माझी होती, पण माफी मागणं मला कधी जमलं नाही, तेव्हाही जमलं नाही. मी फक्त पिशवी त्याच्या हॅण्डलला अडकवली आणि म्हणाले, "तुझ्या दोन दिवसांनी काही बिघडलं नाही." त्यानं सायकल वळवली. घरापर्यंत सायकल हातानं ढकलत माझ्याबरोबर चालत आला.

आठ दिवस आईनं लग्नाचा विषय काढला नाही आणि मीही हैदराबादचा काढला नाही. नवव्या दिवशी दुपारी दादा गल्लीच्या तोंडापासून पळत आला. पाकीट दोन बोटांत, अंगापासून लांब धरलेलं. उघडलेलं नव्हतं. दारातच म्हणाला, "आत्ताच दिलं पोस्टमननं. आत्ता. कोणाला दाखवलं नाही." त्याला धाप लागली होती आणि खिशाचं बटण लावलेलं होतं.

मी उभ्यानंच वाचलं. एक तारखेपासून रुजू व्हायचं होतं. आईला सांगितलं तर ती आधी खाली बसली, मग म्हणाली, "एवढ्या लांब?" आणि लगेच डोळे पुसून माझ्या साड्या मोजायला आत गेली.

दादा अजून उंबऱ्याबाहेरच उभा होता. मी पत्राची नीट घडी घातली, त्याच्या शर्टाच्या खिशाचं बटण काढलं आणि ते आत ठेवलं.

"जा," मी म्हणाले. "बूथवाल्यापासून सुरुवात कर."

त्यानं खिशावर हात ठेवला. "परत कधी देऊ?"

"परवा दे."

"कोणत्या परवा?" दादानं विचारलं.

"तुला पाहिजे त्या," मी म्हणाले.